ठमीने निवडलेला वास

एसेन्सच्या कारखान्यात तिला सगळे नाकवाली म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. हिच्या नाकावर माशी बसत नाही ती रागामुळे नव्हे, माशीचा वास लागेल म्हणून, असं खालच्या मजल्यावरचा काटेवाला येईल त्या नव्या माणसाला सांगे आणि स्वतःच हसे. थेंब थेंब तोलून द्यायचा हे त्याचं काम. तोलताना हसलं तर काटा हलतो, म्हणून उरलेल्या वेळात तो सगळं हसून घेई.

कारखान्याचा धंदा सांगायला सोपा होता. बिस्किटात लोणी नसलं तरी लोण्याचा भास व्हायला हवा. खोकल्याच्या औषधात फळ नसलं तरी पोराने तोंड उघडायला हवं. हा भास वरच्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला असलेल्या एका पांढऱ्या खोलीत जन्माला येई. तपकिरी बाटल्यांनी भरलेली फडताळं, कधीही न उघडणारी एक खिडकी, आणि टेबलावर तारेच्या झाडाला चिमट्यांनी लटकवलेल्या कागदाच्या अरुंद पट्ट्या. पट्टी बाटलीत बुडवायची, हवेत हलवायची, नाकाशी धरायची. त्या खोलीत येणाऱ्याने वासाचा साबण लावायचा नाही, कच्चा कांदा खायचा नाही, आणि सर्दी झाली असेल तर आल्या पावली घरी जायचं.

हे सगळं तिला मास्तरांनी शिकवलं होतं. मास्तर आता निवृत्त झाले होते, पण त्यांचे दोन नियम खोलीत मागे राहिले होते. पहिला, ताज्या पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही. ताजा वास पाहुण्यासारखा गोड बोलतो, ते म्हणत. पट्टी रात्रभर तशीच राहू दे, सकाळी उरेल तो घरचा. दुसरा नियम कचेरीत कुणाला सांगायचा नव्हता. त्याला ते घरची परीक्षा म्हणत. शिळी पट्टी घरी न्यायची, दोन मुठींत दोन वेगळ्या पट्ट्या धरून पोरासमोर बसायचं, आणि पोर ज्या मुठीला झोंबेल तो वास पास. मोठं माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघतं आणि मग उत्तर देतं. पोराला तुमच्या तोंडाशी काही घेणंदेणं नसतं. मास्तरांची सगळी पोरं लोण्याच्या वासावर वाढली होती, आणि त्यांनी झोंबून झोंबून निवडलेली बिस्किटं अजून दुकानांत खपत होती.

नाकवालीला मूल झालं तेव्हा काटेवाला म्हणाला, चला, वरच्या खोलीला साहेब मिळाला. साहेब म्हणजे मुलगी निघाली. गोल, ठेंगणी, हट्टी. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला ठमी म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव फक्त डॉक्टरांच्या कागदावर उरलं.

बाळंतपणानंतर नाकवाली कामावर परतली ती अर्धी झोपेतच. तेव्हा मालकीणबाईंनी तिला सांभाळून घेतलं. उशिरा ये, लवकर जा, दूध पाजायला घरी धावायचं असेल तर विचारत बसू नकोस, असं त्यांनी स्वतः जिने चढून येऊन सांगितलं. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात असं कोण सांगतं? त्यामुळे पुढे बऱ्याच महिन्यांनी त्या पुन्हा वर आल्या आणि एक काम आहे, ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही असं म्हणाल्या, तेव्हा काम काय ते ऐकायच्या आधीच नाकवालीने मान हलवली होती.

झोपण्याआधीच्या दुधाचा वास हवा होता. लहानपणी कुणी पांघरूण सारखं करून दिवा मालवला की जसं वाटायचं, तसं वाटलं पाहिजे, असं गिऱ्हाइकाचं म्हणणं होतं. गिऱ्हाईक मोठं होतं, ई-सिगारेटचं लिक्विड करणारं. सिगारेट सोडू बघणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे, मालकीणबाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात खोटं नव्हतं.

नाकवालीलाही ते खोटं वाटायचं कारण नव्हतं. तिच्या घरात त्याचा पुरावा हिंडत-फिरत होता. नवरा बसच्या आगारात इंजिनं दुरुस्त करायचा. लग्न झालं तेव्हा त्याच्या बोटांवर ग्रीसच्या खाली सिगारेटचा पिवळेपणा मुरलेला होता. सासरे तर सिगारेटीपायीच गेले होते, शेवटी शेवटी दोन उशांना टेकून एकेक श्वास उसना मागत. ठमी पोटात आहे हे कळलं तेव्हा नवऱ्याने सिगारेट सोडली, ती त्या वाफेच्या नळीच्या आधाराने. मग त्या नळीला नावं ठेवणाऱ्याला सासूबाई घरात टेकू देत नसत. "माझा माणूस धुराने नेला," त्या म्हणत. "मुलगा वाफेने परत दिला. मी कशाला नाक मुरडू?"

तर नाकवाली कामाला लागली. आणि काम काही जमेना. तापल्या दुधाचा वास फडताळात होता, सायीचा होता, करपत आलेल्या साखरेचा होता. ते सगळं एकत्र केलं की बेकरी उभी राही, अंथरूण काही पडत नसे. ताजी पट्टी बरी वाटायची आणि सकाळी तिचं पिठूळ पाणी झालेलं असायचं. काटेवाला विचारी, दूध नासलं की काय आज पण? तिच्या नाकी नऊ आले.

मग एका दुपारी ती धावत घरी आली, ठमीला घेऊन पलंगावर पडली, आणि दूध पिता पिता ठमी झोपली. घामाने चिकटलेले केस बाजूला करून तिने लेकीच्या मानेशी नाक नेलं, रोज न्यायची तसंच. दूध होतं. कोमट घाम होता. उन्हात वाळलेलं सुती कापड होतं, आणि सगळ्यांच्या खाली कुठेतरी, भाजत असलेल्या पिठासारखं काहीतरी होतं, जे तिच्या एकाही बाटलीतून आजवर बाहेर आलं नव्हतं.  मग तिने पुन्हा वास घेतला. पण या वेळी आई म्हणून नाही, चोरासारखा, हळूच, मनात एकेक बाटली फडताळावरून खाली काढत.

आठवड्याभरात वास उभा राहिला. शिळी पट्टी तिने पिशवीत घालून घरी आणली आणि फरशीवर ठमीसमोर मांडी घातली. एका मुठीत मास्तरांचा कधीही न हरलेला लोण्याचा वास, दुसऱ्या मुठीत हा. ठमीने लोण्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. दुसऱ्या मुठीची बोटं तिने एकेक करून उचकटली, पट्टी काढली, आईला करताना पाहिलं होतं तशी नाकाखाली धरली, आणि हसली.

"आई," ठमी पट्टीला म्हणाली.

सासूबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. नाकवालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्या दिवशी ठमी पट्टी गालाखाली घेऊन झोपली, एकदाही रडून उठली नाही. आईच्या जागी आईचा वास ठेवून पोर निजत असेल, तर धावपळीत अर्धी झालेल्या बाईला आणखी काय हवं? दुसऱ्या दिवसापासून कामावर निघताना ती एक पट्टी सासूबाईंच्या हातात देऊन जाऊ लागली. त्यात निकोटीन नव्हतं, काही नव्हतं, नुसता वास होता. पोर गप्प राहायचं. सासूबाईंचे गुडघे वाचायचे. सगळ्यांचंच भलं झालं असं सगळ्यांना वाटत होतं.

वास विकला गेला. मालकीणबाईंनी वर येऊन तिचा हात हातात घेतला. गिऱ्हाइकाने त्याच वासाच्या लिक्विडच्या खोकंभर बाटल्या भेट पाठवल्या, आणि त्या साहजिकच तिच्या नवऱ्याकडे गेल्या. आता तो आगारातून आला, हातपाय धुऊन खिडकीशी बसला आणि नळी ओढू लागला की खोलीत जो वास पसरे, तोच नाकवालीच्या केसांत असे आणि तोच ठमीच्या उशीवर. घराला एकच वास झाला. नवरा गमतीने वाफेचं वेटोळं सोडी आणि ठमी दोन्ही हात वर करून त्याच्यामागे धावे, वाफ मुठीत धरायला बघे, मूठ उघडून आत काही नाही म्हणून हिरमुसली होई.

एकदा वाफ विरली तिथे उभी राहून ती रिकाम्या हवेला म्हणाली, "आई?" नाकवाली तेव्हा तिच्यामागेच, हाताच्या अंतरावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने ठमीला उचलून घेतलं, पापे घेतले, आणि त्या गोष्टीचा विचार करायचा नाही असं ठरवलं.

विचार करायचा नाही म्हटलं तरी तो जिन्यात गाठतो. त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर एक शाळेतल्या बाई राहत. मुलांच्या दप्तरांतून हल्ली नळ्या निघतात, पेनासारख्या दिसतात, काही काही तर दागिन्यासारख्या, असं त्यांनी सहज बोलता बोलता सांगितलं. धूर येत नाही म्हणून कळत नाही. "पण मधली सुट्टी संपली ना," त्या म्हणाल्या, "की नववीच्या वर्गात बाळंतिणीच्या खोलीसारखा वास येतो हो. दुधाचा. मला तर मळमळतं." नाकवालीने जिन्याचा कठडा धरला. मग दुधाची पिशवी उतू जाईल असं काहीतरी न जुळणारं बोलून ती वर निघून गेली.

त्याच सुमाराला सरकारने समिती नेमली. ई-सिगारेटवर सरसकट बंदी घालायची, की परवाने देऊन, वय ठरवून, नियमांत बसवून ती चालू ठेवायची, यावर समिती सगळ्यांचं म्हणणं ऐकणार होती. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय उरला नाही. काटेवाल्याचं मत ठाम होतं. बंदी म्हणजे काय, तो म्हणे, पुढच्या दाराला कुलूप आणि मागच्या दाराला पायपुसणं. घरी सासूबाईंनी तर समितीला आतूनच शाप द्यायला सुरुवात केली होती. नळी गेली तर मुलगा पुन्हा धुराकडे जाईल, आणि धुराचा रस्ता कुठे संपतो ते त्यांनी दोन उशांशेजारी बसून पाहिलं होतं.

मालकीणबाईंनी नाकवालीला खाली बोलावलं. समितीपुढे कारखान्याच्या वतीने कुणीतरी बोलायला हवं, आणि सुटाबुटातल्या माणसापेक्षा एक आई बोललेली बरी. कठीण काही नव्हतं. वास मुलांना ओढण्यासाठी केला का, असं विचारतील. आमच्याकडे लहान मुलांवर कसलीही चाचणी होत नाही, एवढं सांगायचं.

"होत नाहीच ना?" मालकीणबाईंनी विचारलं. त्या खरंच विचारत होत्या. मास्तरांचा दुसरा नियम त्यांना कुणी कधी सांगितलाच नव्हता.

"नाही मॅडम," नाकवाली म्हणाली.

ते वाक्य ती घरी कपडे वाळत घालताना मनातल्या मनात म्हणत राही. आमच्याकडे लहान मुलांवर कसलीही चाचणी होत नाही. कारखान्यात नाहीच होत. घरी आई लेकीशी खेळते, त्याला चाचणी कोण म्हणेल?

समितीपुढे जायचं त्याच्या आदल्या दुपारी ती जरा लवकर घरी आली. दार उघडताच तिच्या लक्षात आलं की घर शांत आहे. पोर जागं असायच्या वेळी घर शांत असणं ही चांगली खूण नव्हे, हे कुठलीही आई सांगेल. सासूबाई स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. ठमी ना, आहे की आत, त्या म्हणाल्या, मघाशी पट्टी मागत होती, पट्टीला वास उरला नव्हता म्हणून फेकून दिलीन, आता खेळतेय एकटी.

ठमी पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत बसली होती. खुंटीवरून बापाचं जाकीट ओढून तिने खाली पाडलं होतं, त्याची बाही अंगावर पांघरली होती. पायाशी चुरगळलेली पट्टी पडली होती. आणि दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, ती बापाची लिक्विडची बाटली चोखत होती.

नाकवाली ओरडली नाही. आवाज केला तर ठमी दचकून गिळेल, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. ती गुडघ्यांवर रांगत फटीत शिरली आणि बाटली सोडवून घेतली. ठमीने भोकाड पसरलं. झाकण जागेवर होतं. दाबून फिरवल्याशिवाय न उघडणारं, कडक, निळं झाकण. त्याच्या कडेला सगळीकडून छोट्या छोट्या दातांच्या खुणा उमटल्या होत्या. किती वेळ चावत होती कोण जाणे. एका जागी प्लास्टिक पांढरं पडून सोललं होतं.

डॉक्टरांनी ठमीच्या तोंडाचा वास घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली, छातीचे ठोके ऐकले. पोटात काही गेलेलं नव्हतं. एक घोट गेला असता तर, ते म्हणाले, आणि बॅटरी खिशात ठेवली. सासूबाई दवाखान्याच्या बाकावर बसल्या त्या उठेचनात. त्यांचे हात ओलेच होते, भांड्यांच्या साबणाचा फेस मनगटावर वाळला होता.

नवरा आला तेव्हा ठमी झोपली होती. सगळं ऐकून तो पांढराफटक पडला. बाटली हातात घेऊन त्याने झाकण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं, इंजिनाचा नट बघावा तसं. मग हळू आवाजात म्हणाला, "झाकणाने वाचवलं. परवाना हवा म्हणून कंपनीने असं झाकण बसवलंय. उद्या बंदी आली तर हेच लिक्विड मागल्या दाराने येईल, साध्या बाटलीत. तेव्हा कोण लावणार झाकण?"

तो चूक बोलत नव्हता, हे तिला कळत होतं.

"तिच्या उशाशी पाण्याची बाटली होती," ती म्हणाली. "तिला ती का नाही हवी झाली?"

नवऱ्याने बाटली टेबलावर ठेवली. दोघांच्या मध्ये ती तशीच उभी राहिली, आणि बंद झाकणातूनही नाकवालीला तिचा वास येत राहिला. मानेमागचा, घामाने चिकटलेल्या केसांखालचा.

समितीची खोली थंड होती. लांब टेबल, पालथे ग्लास, पडद्यांना धुळीचा वास. मधोमध पांढऱ्या केसांचे अध्यक्ष, त्यांच्या एका हाताला एक डॉक्टरीणबाई. माणसं वाईट नव्हती. त्यांनी तिला पाणी दिलं, घाबरू नका म्हणाले. मागच्या रांगेत मालकीणबाई बसल्या होत्या आणि तिने वळून बघितलं तेव्हा त्यांनी धीर देणारी मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी अपेक्षित होता तोच प्रश्न विचारला. हा वास कधी लहान मुलांवर तपासला का?

वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. आमच्याकडे, एवढं ती म्हणालीही. मग थांबली. पिशवीत हात घालून तिने बाटली बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली.

"तपासला," ती म्हणाली. "माझ्या मुलीवर. आणि केलासुद्धा तिच्यावरूनच."

 पुढचंही तिने सांगितलं, जमेल तसं, मागचं पुढे करत. घरची परीक्षा सांगितली, मुठी सांगितल्या, पट्ट्या गालाखाली ठेवल्याचं सांगितलं. बाटली हातोहात फिरली. अध्यक्षांनी चष्मा वर करून दातांच्या खुणा पाहिल्या आणि बाटली जरा घाईने पुढे सरकवली. मग त्यांनी विचारलं, तुमचं म्हणणं काय, बंदी घालावी?

बंदी आली तर माझा नवरा पुन्हा सिगारेटकडे जाईल, ती म्हणाली, माझ्या सासूबाईंना ते दुसऱ्यांदा बघायला लागेल. आणि झाकण नसतं तर मी आज इथे नसते. "ते तुम्ही ठरवा. झाकण असू द्या. पण हा वास त्यात नको. मोठ्या माणसाला सिगारेट सोडायला पोराच्या मानेचा वास कशाला लागतो?"

डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. अध्यक्षांनी आभार मानले, आणि पुढच्या माणसाला आत बोलावण्यात आलं.

मालकीणबाईंनी तिला गाडीतून घरी सोडलं. तिला वाटलं होतं, आता ऐकून घ्यावं लागेल.  पण मालकीणबाई रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "खोटं बोलायला सांगितलं नव्हतं मी तुला. मला माहीतच नव्हतं."

"वास परत घ्या मॅडम."

"कुणाकडून घेऊ? कृती विकली गं आपण. वास नाही विकला, वासाची कृती विकली." सिग्नलला गाडी थांबली. "आता कुठे कुठे करतात ते मला कुणी सांगत नाही. बंदी आली तर आपण करणार नाही, परवाना आला तरी मी करणार नाही, तुला शब्द देते. पण होणार नाही असा शब्द मागू नकोस."

पुढच्या फुटपाथवरून कॉलेजातली पोरं चालली होती. गाडीच्या काचा वर होत्या, तरी नाकवालीने श्वास रोखून धरला.

तिला कामावरून काढलं नाही. टूथपेस्टच्या कामाला लावलं. आता ती दिवसभर पुदिन्यात असे, आणि पुदिना केसांतून, नखांतून, अंगातून जात नसे. दुधाच्या पट्ट्या तिने एकूण एक शोधून बाहेर टाकल्या. गाद्या उन्हात घातल्या, पडदे धुतले, उशांचे अभ्रे बदलले. नवऱ्याने बिनवासाचं लिक्विड आणलं. पंधरवडाभर ओढलं, तोंड वाकडं करत. मग एका संध्याकाळी त्याचा शर्ट धुवायला घेताना कॉलरपाशी ग्रीसच्या खाली तिला जुना, ओळखीचा धूर लागला. तिने सासूबाईंना सांगितलं नाही. पण सासूबाई त्या दिवसापासून त्याच्या जिन्यातल्या पावलांबरोबर त्याचा श्वास ऐकू लागल्या होत्या.

ठमी तिच्या मांडीवर येई, तिच्या मानेत नाक खुपसे, आणि मान मागे घेई. रागाने नाही. चुकीच्या घराची कडी वाजवल्यावर माणूस जसा दोन पावलं मागे सरतो, तशी. मग उतरून खोलीत शोधत फिरे. पलंगाखाली, खुंटीखाली, धुतलेल्या पडद्याच्या मागे. नाकवाली फरशीवर बसून बघत राही. पुदिना दोन दिवसांत निघून जाईल असं ती साबण घासताना स्वतःला सांगे. मूल आहे, विसरेल, असं सासूबाई सांगत. तिने अंगाला दूध लावून पाहिलं, खरं दूध, वेड्यासारखं. ठमी शिंकली.

समितीचा निर्णय अजून यायचा होता. विचार चालू आहे, असं बातम्यांत येई, आणि निर्णय होण्याआधी माल खपवायचा म्हणून दुकानांत ढीग लागले होते.

एका संध्याकाळी ती ठमीला कडेवर घेऊन भाजी आणायला निघाली. दिवे नुकतेच लागले होते. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायऱ्यांवर पाच-सहा मुलं-मुली दप्तरं पायांत टाकून बसली होती, एकमेकांना टाळ्या देत. एकीच्या तोंडून वाफेचा मोठा पांढरा लोट निघाला, हवेत रेंगाळला, आणि वाऱ्याबरोबर फुटपाथवर आडवा पसरला.

कडेवरची ठमी ताठ झाली. तिच्या नाकपुड्या फुलल्या. मग सगळं अंग एकदम सैल सोडून, तोंडभर हसत, तिने आईच्या गळ्यातला हात सोडवला आणि दोन्ही हात त्या अनोळखी मुलीकडे पसरले.

"आई," ती म्हणाली. "आई."

मुलं हसली. ती मुलगीही हसली, कौतुकाने पुढे झुकली, बोलावते गं मला, म्हणाली, आणि ठमीसाठी म्हणून तिने आणखी एक लोट सोडला. नाकवालीने लेकीला छातीशी घट्ट धरलं आणि रस्ता ओलांडला. ठमी तिच्या खांद्यावरून मागे वाकून, हात लांब लांब करून हाका मारत राहिली. पलीकडच्या फुटपाथवर बसथांब्याशी एक माणूस उभा होता. त्याच्याही हातात नळी होती, आणि तिथेही तोच वास होता.